ओझोनचं मशीन पिशवीत ठेवा, मचाणावर नको

मॅडिसनजवळ राहणाऱ्या एका तरुण मित्राने विचारलं आहे: "विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा यंदा माझा दुसराच हंगाम. गेल्या वर्षी हरणं टप्प्यात यायच्या आधीच वास लागून पळाली, एकदा नाही, चार-पाच वेळा. सोबतचे शिकारी म्हणतात, ओझोन वायू सोडून वास मारणारं मशीन घे. झाडावर डोक्याच्या वर लावायचं एक मिळतं, चार-पाचशे डॉलरचं. दुसरं कपड्यांच्या पिशवीचं, ते बरंच स्वस्त. कुठलं घेऊ, की दोन्ही घेऊ? घरी बायकोला दमा आहे. आणि आपल्या घरात रोज फोडणी होते, तिचा वास कपड्यांत बसतो, त्याचं काय करू?"

आधी सरळ उत्तर देतो. झाडावरचं मशीन घेऊ नका. पिशवीचं घ्यायला हरकत नाही, पण ते घराबाहेर चालवायची सोय असेल तरच. आणि झाडावरच्या मशीनचे पैसे वाचतील त्यांतून दुसरं मचाण घ्या, जे वारा फिरल्यावर वापरता येईल. तुमची गेल्या वर्षीची हरणं बहुतेक करून वाऱ्याने घालवली आहेत. ओझोन नव्हता म्हणून ती गेली असं मला वाटत नाही.

आता हे इतक्या ठामपणे का सांगतो ते. माझी नोकरीच ओझोनची आहे. वीस वर्षांहून जास्त काळ मी इथे पाणीशुद्धीकरणात काम करतो, आणि जवळजवळ तितकीच वर्षं शरद ऋतूत धनुष्य घेऊन झाडावर बसतो. मिलवॉकीत १९९३ साली पिण्याच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी पसरला आणि सुमारे चार लाख माणसं आजारी पडली. त्या परजीवीला क्लोरीन दाद देत नाही. पुढे शहराने ओझोनची यंत्रणा बसवली आणि १९९८ पासून तिथलं पाणी ओझोनने निर्जंतुक होऊ लागलं. तेव्हापासून या भागात ओझोन जाणणारी माणसं तयार झाली, त्यांतलाच मी एक.

आमच्या धंद्यात ओझोनचं सगळं गणित एका गुणाकारावर चालतं: मात्रा गुणिले वेळ. पाण्यात ओझोन किती आणि तो पाण्याला किती मिनिटं भिडून राहिला, या दोन आकड्यांचा गुणाकार ठरलेल्या हिशेबाइतका झाला तरच पाणी शुद्ध झालं असं आम्ही धरतो. म्हणून तर बंद टाक्या बांधतो, त्यांत आडभिंती घालतो, पाण्याला वळसे घेत जायला लावतो. टाकीवर साठलेला उरलासुरला ओझोन तापवून किंवा उत्प्रेरकावरून नेऊन त्याचा साधा ऑक्सिजन करतो आणि मगच बाहेर सोडतो. ओझोन किती ताकदीचा आहे आणि त्याला कामाला किती वेळ द्यावा लागतो, हे रोज डोळ्यांसमोर असतं. शिकारीच्या मशीनलाही हाच गुणाकार लावा, उत्तर आपोआप मिळतं.

ओझोनचा वास तुम्हाला ओळखीचा आहे. जुन्या झेरॉक्सच्या दुकानात, दिवसभर मशीन चालल्यावर, नाकात जरा झोंबणारा, धातूसारखा वास यायचा ना? तोच. झेरॉक्स मशीनमध्ये उच्च दाबाची तार असायची, तिच्याभोवती हवेतला ऑक्सिजन फुटून ओझोन तयार व्हायचा. शिकारीच्या मशीनमध्येही तेच होतं: बॅटरी, उच्च दाबाची पट्टी आणि मागून एक छोटा पंखा. ऑक्सिजनच्या दोन अणूंच्या जोडीला तिसरा अणू चिकटतो, पण तो तिथे सुखाने राहत नाही. समोर येईल त्याला चिकटायला बघतो, आणि ज्याला चिकटतो त्याची मोडतोड करतो. वासाच्या रेणूची मोडतोड झाली की तो वास उरत नाही, हा मशीन विकणाऱ्यांचा दावा. तत्त्व म्हणून त्यात चूक नाही.

चूक वेळेत आहे. मचाणावर तुम्ही बसलात, मशीन डोक्यावर फूटभर उंच, तोंड वारा जिकडे जातो तिकडे, थोडं खाली झुकवलेलं. ओझोन तुमच्या वासाच्या झोतात मिसळणार आणि हरणापर्यंत पोचायच्या आत तो वास मोडणार, अशी कल्पना. आता हिशेब करा. ताशी पाच मैलांचा वारा म्हणजे पानं जेमतेम सळसळतील एवढा. तो तीस यार्ड अंतर बारा-तेरा सेकंदांत कापतो. ओझोनला कामाला मिळतात ते एवढेच बारा-तेरा सेकंद.

या वेळात काय होतं? संत्र्याच्या सालीच्या वासातलं लिमोनीन घ्या. ओझोनशी चटकन भिडणाऱ्या वासांपैकी ते एक. हवेच्या दहा लाख भागांत एक भाग ओझोन, म्हणजे एक पीपीएम, एवढी मात्रा सतत टिकवून धरली तरी लिमोनीन एक तृतीयांशावर यायला तीन मिनिटांहून जास्त लागतात. आपल्या श्वासातून आयसोप्रीन नावाचा वायू सतत बाहेर पडतो, त्याला याच मात्रेत पन्नासेक मिनिटं लागतात. श्वासातलाच ॲसिटोन, घामातली आम्लं, पायमोज्यांना येणारा तो आंबूस वास, यांना हवेतला ओझोन जवळपास हातही लावत नाही. ज्या रेणूंत कार्बनचे दुहेरी बंध असतात त्यांच्यावर तो तुटून पडतो, बाकीच्यांकडे बघतही नाही.

आणि एक पीपीएम मात्रा उघड्या हवेत टिकते कुठे? मशीनच्या तोंडाशी असेल ती. हातभर पुढे गेली की पसरते, दहा पावलांवर हवेत विरून जाते. वास विरतो तसाच ओझोनही विरतो, आणि ओझोन दहापट पातळ झाला की त्याचं कामही दहापट सावकाश होतं. मात्रा कमी, वेळ कमी. गुणाकार काय येणार?

याहून मोठी गोष्ट आपल्या कातडीची आहे आणि ती मशीनच्या खोक्यावर लिहिलेली नसते. माणसाच्या त्वचेवरच्या तेलात दहा-बारा टक्के स्क्वालीन असतं. त्यात सहा दुहेरी बंध, म्हणजे ओझोनला आयती मेजवानी. शिवाय सेपिएनिक आम्ल नावाचं एक तेलकट आम्ल असतं, ते प्राण्यांमध्ये फारसं सापडत नाही, ती माणसाच्या कातडीची खूण म्हणा. ओझोन या दोघांना तोडतो तेव्हा वास संपत नाही. या तेलांना स्वतःला फारसा वास नसतोच. ती तुटल्यावर जे तुकडे हवेत उडतात त्यांना वास असतो, आणि त्यांतला एक मुख्य तुकडा म्हणजे डेकॅनल. २०२२ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं की एडिस जातीचा डास माणसाला इतर प्राण्यांपासून वेगळं ओळखतो ते ज्या वासांवरून, त्यांत डेकॅनल ठळक आहे. हरीण म्हणजे डास नव्हे, हे खरं. पण माणसाची ओळख पटवणारा वास आपण चार-पाचशे डॉलर देऊन, आपल्याच टोपीवर आणि मानेवर ओझोन सोडून, आणखी तयार करायचा? मला ते पटत नाही.

एक संध्याकाळ सांगतो. मशीन नवीन होतं आणि माझा त्यावर विश्वास होता, म्हणजे असावा अशी इच्छा होती. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. ड्रिफ्टलेस भागातल्या एका डोंगरसोंडेवर, उतारावरच्या ओकच्या झाडावर मी बसलो होतो. विस्कॉन्सिनच्या या नैर्ऋत्य कोपऱ्याला हिमयुगातल्या हिमनद्यांनी सपाट केलं नाही, त्यामुळे इथे खोल घळी आणि उभे उतार शिल्लक आहेत, आपल्या मावळात असतात तसे. दिवसभर वारा पश्चिमेचा. हरणं पूर्वेकडच्या घळीतून येणार नाहीत असा माझा अंदाज होता, आणि आली तरी मशीन आहेच, त्याचं तोंड तिकडेच करून ठेवलं होतं. पंख्याची बारीक घरघर कानाशी चालू होती. शांत संध्याकाळी ती जरा जास्तच ऐकू येते.

सूर्य डोंगरामागे गेला आणि वारा पडला. एक मादी आली ती पूर्वेकडूनच, मागे तिचं यंदाचं पाडस. पंचवीस पावलांवर येऊन ती थांबली. मान खाली घातली, चरायला घातल्यासारखी, आणि एकदम झटकन वर केली. हा तिचा जुना डाव आहे, चरायचं सोंग करून समोरच्याला हलायला लावायचं. मी हललो नाही. तिने जीभ काढून नाक चाटलं. ओल्या नाकाला वास जास्त लागतो म्हणून ती तसं करते. मग उजवा पुढचा पाय उचलला, हवेत क्षणभर धरला आणि जमिनीवर आपटला. पुन्हा एकदा. पाडस तिच्याकडे बघत होतं, माझ्याकडे नाही. मग तिने नाकातून जोरात फुस्कारा टाकला, शेपटी उभी केली, खालचं पांढरं झळकलं, आणि दोघं घळीत उतरून गेली. खालून तिचे फुस्कारे पाचेक मिनिटं येत राहिले. सगळ्या घळीला बातमी देऊन झाली होती.

मशीन चालू होतं. बॅटरी भरलेली होती. तोंड बरोबर तिच्याकडेच होतं.

माझ्याबरोबरचे काही जुने, अनुभवी शिकारी या मशीनवर विश्वास ठेवतात. त्यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. वीस फूट उंच बसलेल्या माणसाचा वास बऱ्याचदा जवळच्या हरणाच्या डोक्यावरून निघून जातो आणि पुढे कुठेतरी खाली उतरतो. त्या दिवशी खालून हरीण बिनधास्त गेलं तर श्रेय मशीनला मिळतं. उलट, दीडशे यार्डांवर वास लागून, आवाज न करता मागे फिरलेलं हरीण आपल्याला दिसतच नाही, त्यामुळे ते मोजलं जात नाही. मी शेवटच्या हंगामात मशीन एक आड एक दिवस लावलं आणि प्रत्येक संध्याकाळी वारा कुठून होता ते वहीत लिहिलं. वही वाचताना मशीन चालू होतं की बंद याने फरक पडलेला दिसेना. वारा कुठून होता याने पडलेला दिसत होता. एका माणसाच्या एका वहीतून विज्ञान सिद्ध होत नाही, पण वरचं गणित आणि वही दोन्ही एकच सांगत होते, तेव्हा मी ते मशीन झाडावरून उतरवलं.

आता पिशवी. इथे गुणाकार आपल्या बाजूने येतो. बंद पिशवी, छोटी जागा, ओझोन निसटत नाही म्हणून मात्रा चढते, आणि वेळ हवा तेवढा देता येतो. धुता न येणाऱ्या वस्तूंसाठी तिचा खरा उपयोग: पाठीवरची सॅक, टोपी, हातमोजे, दुर्बिणीचं कापडी घर. टोपीकडे विशेष लक्ष द्या. केसांचं तेल आणि कपाळाचा घाम सगळा तिच्यात मुरतो आणि शिकारीच्या सगळ्या सामानात तीच सगळ्यात कमी वेळा धुतली जाते. या वस्तू अर्धा तास पिशवीत ठेवा, मशीन बंद करा, आणखी अर्धा तास चेन न उघडता तशाच राहू द्या, म्हणजे उरलेला ओझोन बराचसा विरेल. मग उघड्यावर वाऱ्याला टांगा. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात. ओझोनने मोडलेले तुकडे कपड्यातून उडून जायला वारा लागतो, नाहीतर एक वास घालवून दुसरा घेऊन रानात जाल.

जे कपडे धुता येतात ते आधी धुवा, बिनवासाच्या साबणाने. कपड्यांत मळ आणि तेल असताना ओझोन देणं म्हणजे वर सांगितलं तेच, कातडीच्या तेलाचं डेकॅनल करणं. पाणी आणि साबण तेल काढून नेतात, ओझोन काढून नेत नाही. धुतलेले कपडे बाहेर दोरीवर वाळवा, झाकणाच्या डब्यात भरा आणि रानाच्या तोंडाशी गाडीबाहेर उभं राहून घाला. घरून घालून, सीटवर बसून, वाटेत पेट्रोल भरून जाऊ नका.

पिशवीत काय घालायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. ओझोन रबर खातो. ताणलेल्या रबरावर तर आडव्या बारीक भेगा पडतात. जुनी सायकल बरीच वर्षं उभी राहिली की टायरच्या कडेला भेगा दिसतात, त्यात हवेतल्या साध्या ओझोनचाही हात असतो. मी माझे रबरी बूट दोन हंगाम पिशवीत घालत होतो. तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरच्या पहाटे ओढा ओलांडताना डाव्या बुटात बर्फाळ पाणी शिरलं. घोट्यापाशी, जिथे बूट चालताना दुमडतो, बरोबर त्या घडीत केसाएवढ्या भेगांची रांग होती. नखाने दाबली की उघडायची. ओझोनवर पोट भरणाऱ्या माणसाने हे आधीच ओळखायला हवं होतं, मी ओळखलं नाही. त्या दिवशी पायाची बोटं बधिर झाली आणि मला दोन तासांत परतावं लागलं.

बुटाने फक्त पाय भिजला. पडू नये म्हणून झाडाला बांधायचा पट्टा, तो अंगभर घालायचा हार्नेस, त्याची गोष्ट वेगळी आहे. तो ओझोनच्या पिशवीत कधीही घालू नका. त्यात नायलॉन, पॉलिएस्टर, इलॅस्टिक, शिवण असं सगळं असतं. इलॅस्टिक तर जातंच, नायलॉनचीही ओझोनशी मैत्री नाही. पट्टा वरून ठणठणीत दिसतो आणि आतून कमजोर झालेला कळत नाही. इथे हरणाच्या शिकारीत होणाऱ्या दुखापतींत मचाणावरून पडणं हे मोठं कारण आहे. पट्ट्यावर बनवल्याची तारीख असते आणि बहुतेक उत्पादक पाच वर्षांनी तो बदलायला सांगतात. त्याचा वास घालवायचा असेल तर घरात न ठेवता पडवीत सावलीला टांगा, बस. धनुष्यावरही रबराचे छोटे भाग असतात, दोरीचा आवाज मारणारे, धक्का शोषणारे. धनुष्यही पिशवीत नको.

तुमच्या पत्नीच्या दम्याबद्दल. हा भाग मी सगळ्यात गंभीरपणे लिहितो आहे. ओझोन फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला त्रास देतो. दमा असलेल्या माणसाला तो झटका आणू शकतो. इथल्या कामगार सुरक्षा खात्याची, म्हणजे ओशाची, आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा ०.१ पीपीएम आहे. बाहेरच्या हवेसाठी इथल्या पर्यावरण खात्याचं, म्हणजे ईपीएचं, आठ तासांचं मानक त्याहून खाली, ०.०७०. कपड्याचा वास घालवायला पिशवीत जी मात्रा लागते ती याच्या कितीतरी पट असते. म्हणजे जी मात्रा कामाची, ती माणसाच्या श्वासाला घातक. ईपीएने घरातल्या ओझोन यंत्रांबद्दल हेच सांगितलं आहे: आरोग्याच्या मर्यादेत राहिलात तर ओझोन घरच्या हवेतले वास आणि प्रदूषण फारसं काढू शकत नाही. कॅलिफोर्नियाने तर घरातल्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांतून ०.०५० पीपीएमपेक्षा जास्त ओझोन निघणार असेल तर विक्रीच बंद केली आहे.

तेव्हा तळघरात नको, कपड्यांच्या कपाटात नको, घराला जोडलेल्या गॅरेजमध्येही नको. परसात सुटं शेड असेल तिथे, दारं उघडी ठेवून. शेड नसेल तर पिशवी घेऊच नका, धुणं आणि वाळवणं यावर भागवा. मी स्वतः अशी कितीतरी वर्षं काढली आणि हरणं मिळाली. गाडीत लायटरच्या खोबणीला लावायचीही मशीनं मिळतात. माणूस आत असताना ते कधीही लावू नका. एकदा मी सकाळी अर्ध्या तासाच्या वाटेवर लावून गेलो होतो. उतरलो तेव्हा घसा खवखवत होता, खोल श्वास घेतला की छातीत टोचायचं, दुपारपर्यंत डोकं धरलेलं. गाडीत पाइनच्या वासाचं ते टांगायचं कागदी झाड होतं. पाइन-लिंबाच्या असल्या वासांशी ओझोन भिडला की त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. आणि वास आला तर बंद करू, या भरवशावर राहू नका. नाक ओझोनला पटकन सरावतं, दहा मिनिटांत वास जाणवेनासा होतो, ओझोन मात्र असतोच. बंद खोक्यासारख्या मचाणात मशीन लावून तासन्‌तास बसणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

फोडणीचं आता. आपल्याकडे इथे प्रत्येक घरात कोट कुठे टांगायचा यावर चर्चा झालेली असते. हिंग, मोहरी, कांदा परतल्याचं तेल हवेत उडतं आणि लोकरीत जाऊन बसतं. पण घाबरू नका. माझ्या अनुभवात हरीण नव्या वासाला थबकतं, हुंगतं, कधी कधी सरळ चालूही लागतं. पळून जातं ते माणसाच्या वासाला. इथल्या शेतावर डिझेल, शेण, बार्बेक्यूचा धूर असे शंभर वास रोज असतात आणि त्यातच ते चरत असतं. शिकारीचे कपडे स्वयंपाकघरापासून लांब, झाकणाच्या डब्यात ठेवले की फोडणीचा प्रश्न मिटला. त्यासाठी ओझोन नको.

हे सगळं करूनही तुम्हाला वास येणारच. तुम्ही श्वास घेणार, कातडीचे कण गळणार, आणि ते वारा नेईल तिकडे जाणार. म्हणून खरी मेहनत वाऱ्यावर घ्या. मोबाइलवर दिसणारा वारा हा मोकळ्या माळावरचा वारा. घळीत तो वेगळाच असतो. सकाळी ऊन लागून उतार तापला की हवा उतारावरून वर सरकते. संध्याकाळी ऊन गेलं की थंड, जड हवा पाण्यासारखी खाली वाहते आणि घळीत साचते. माझ्या त्या संध्याकाळी हेच झालं. पश्चिमेचा वारा पडल्यावर माझा वास उतारावरून घळीत उतरला आणि मादी नेमकी तिथूनच वर येत होती. सकाळचं मचाण हरणांच्या वाटेच्या खालच्या अंगाला नको, संध्याकाळचं वाटेच्या वरच्या अंगाला नको. म्हणून एका मचाणाने भागत नाही आणि म्हणून मी पैसे दुसऱ्या मचाणावर घालायला सांगतो. दोन्ही ठिकाणचा वारा चुकीचा असेल तर त्या दिवशी घरी राहा. एका जागेवरची हरणं दोन-तीनदा भडकली की हंगाम संपेपर्यंत ती वाट टाकतात.

वास इतका जपायचा तो फक्त हरीण दिसावं म्हणून नव्हे. तीस यार्डांवरून बाण पोचायला साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो. दोरीचा आवाज त्याच्या आधी, त्या वेळाच्या चौथ्या हिश्श्यात पोचतो. निर्धास्त हरीण त्या वेळात फारसं हलत नाही. ज्याला नुसता संशय आला आहे ते आवाजासरशी पळण्यासाठी खाली दबतं, आणि फुप्फुसावर धरलेला बाण पाठीत वर लागतो. असं जखमी झालेलं जनावर मी रात्रभर कंदील घेऊन शोधलं आहे आणि ते मिळालं नाही. त्यामुळे पाय आपटणारी, नाक चाटणारी मादी समोर असेल तर दोरी ओढू नका, अंतर कितीही जवळ असो.

वारा बघायला मी पावडरची बाटली वापरत नाही, ती तीन फुटांपुढे दिसत नाही. मिल्कवीडची म्हातारी वापरतो. आपल्या रुईच्याच कुळातलं झाड आहे हे, शेंग फुटली की रेशमी तंतूंचं बी उडतं, लहानपणी आपण म्हातारी म्हणून जिच्यामागे धावलो तीच. मचाणावरून एक सोडली की शंभर यार्ड डोळ्यांनी पाठलाग करता येतो: आधी पुढे जाते, मग झाडाच्या शेंड्याशी अडते, अचानक खाली बुडते आणि कधी कधी तुमच्याच बुंध्याखालून मागे जाते. तुमचा वास नेमका तसाच जातो. दर वीस मिनिटांनी एक सोडा, ऊन जायच्या वेळी दर पाच मिनिटांनी.

शेंगा सप्टेंबरच्या शेवटी रस्त्याकडेला तयार होतात. हिरव्या तोडू नका, आतलं बी पांढरं असेल तर तंतू ओले निघतात. शेंग करडी पडून शिवणीवर जराशी उकलली आणि आतलं बी तपकिरी दिसलं की तोडा, कागदी पिशवीत आठवडाभर सुकवा, बिया खुडून तिथेच परसात टाका आणि नुसते तंतू एका छोट्या डबीत भरून उजव्या खिशात ठेवा.